हातांचा किनारा, डोळ्यांचा किनारा

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्र डोंगरांच्या मधून खूप आतवर घुसला आहे. बर्फयुगात हिमनद्यांनी खोल दऱ्या कोरल्या, बर्फ वितळल्यावर त्यांत समुद्राचं पाणी शिरलं आणि अशा अरुंद, लांबलचक जागा तयार झाल्या. त्यांना तिथे ‘सी लॉख’ म्हणतात. लॉख सुनार्ट त्यांपैकीच एक, सुमारे ३१ किलोमीटर लांब. उत्तरेला अर्डनामर्खनचं द्वीपकल्प, दक्षिणेला मोर्व्हर्न, काठावर शेवाळाने लगडलेली जुनी ओकची जंगलं. नोकरीमुळे ग्लासगोला राहू लागल्यापासून जमेल तेव्हा मी इथे येते आणि किनाऱ्यावर बसून प्राणी पाहते. रत्नागिरीला वाढलेली, शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेली माझी मावशी यंदा सोबत होती. तिचा-माझा वाद तिथेच सुरू झाला, आणि तो लिहून ठेवण्याजोगा वाटला.

मावशी: अगं, किती वेळ झाला, आपण दगडाला टेकून नुसत्या बसलोय. समोर एवढी ओहोटी लागलीय, काठ उघडा पडलाय, आणि तुला खाली उतरावंसं वाटत नाही? आमच्या भाट्याच्या खाडीत सुकती लागली की बायका टोपल्या घेऊन चिखलात उतरतात. मुळे कुठे आहेत ते त्यांच्या पायांना कळतं. त्यांच्याकडे कुठे आहे दुर्बीण?

मी: उतरू या की, पण आत्ता नाही. त्या खडकावरचा हिरवा उंचवटा दिसतोय? आजूबाजूचं गवत पिवळट आहे आणि तेवढाच भाग गर्द हिरवा. पाणमांजर पिढ्यान्‌पिढ्या तिथे विष्ठा टाकत आलंय, त्या खतावर ते गवत वाढलंय. त्याच्या मागून गोड्या पाण्याचा ओहोळ खाली येतो. पाणमांजराला सीलसारखा चरबीचा थर नसतो. दाट केसांमध्ये अडकलेल्या हवेवरच त्याची ऊब टिकते. समुद्राचं मीठ केसांत साचलं की ती हवा धरली जात नाही, म्हणून त्याला रोज गोड्या पाण्यात अंग धुवावं लागतं. खडक, खाणं आणि ओहोळ हे तिन्ही इथे जवळजवळ आहेत. म्हणून इथे बसलोय.

मावशी: हे तुला कुठल्यातरी पुस्तकाने सांगितलं. माझ्या आईला पुस्तकाची गरज पडली नाही. उधाणाची भरती कधी, भांगाची कधी, कुठल्या महिन्यात तिसऱ्या भरलेल्या असतात, हे तिला तोंडपाठ होतं. ज्याचं पोट किनाऱ्यावर चालतं त्यालाच किनारा कळतो. लांबून पाहणं ही पोट भरलेल्या माणसाची हौस आहे.

मी: मावशी, डावीकडे बघ. शेवाळाच्या कडेला. हळू.

मावशी: कुठे? तो ओंडका?

मी: ओंडका नाही. डोकं, पाठ आणि शेपटीचं टोक, असे तीन उंचवटे पाण्याला लागून. गेलं खाली! बुडी मारताना शेपटी वर येते, ती खूण. वारा आपल्या तोंडावर येतोय, म्हणजे त्याला आपला वास लागणार नाही. आता ते वर येईपर्यंत हलायचं असेल तर हल. वर आलं की दगड व्हायचं.

मावशी: आलं, आलं. तोंडात काहीतरी वळवळतंय.

मी: बटरफिश असेल. शेवाळात राहणारा लांबट, निसरडा मासा. लहान मासा असला की ते पाण्यातच मान वर करून चावून खातं. मोठा मासा किंवा खेकडा असला की खडकावर आणतं. बघ, दात लागतायत तसा आवाजसुद्धा येतोय.

मावशी: येतोय खरा. खोबरं फोडून खाल्ल्यासारखा. इतक्या लांबून कसा ऐकू आला?

मी: वारा पडलाय म्हणून. पाणी सपाट असलं की पाणमांजर दिसतंही आणि ऐकूही येतं. अर्थात वारा पडला की ही चिलटंही अंगावर येतात, मिजेस म्हणतात त्यांना. दोन्ही एकाच हवेत मिळतात.

मावशी: हे सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. पण याने काय झालं सांग. तू पाहिलंस, वहीत वेळ लिहिलीस. पाणमांजराला काय मिळालं?

मी: काहीच मिळालं नाही, आणि तेच मला हवंय. आपण इथे आहोत याचा त्याला पत्ताही लागू नये. आपण आल्यामुळे त्याने मासा टाकून दिला, की पिल्लांना घेऊन बीळ बदललं, तर मी जे पाहिलं ते त्याचं आयुष्य नव्हे, माझीच केलेली गडबड. सीलचंही तसंच. तिथे बेटावरचे सील बघ, पोट खडकावर आणि डोकं-शेपटी हवेत, केळ्यासारखे. कुणी जवळ गेलं की आधी एक मान वर होते, मग सगळ्या, मग सगळे सरपटत पाण्यात. जून-जुलैत ‘कॉमन सील’ जातीची पिल्लं असतात, तेव्हा अशी पळापळ झाली तर आई-पिल्लाची ताटातूट होऊ शकते. इथल्या २०१० च्या सागरी कायद्यानुसार ठरवून दिलेल्या विश्रांतीच्या जागांवर सीलना मुद्दाम किंवा बेफिकिरीने त्रास देणं हा गुन्हा आहे. पाणमांजराचं बीळ मोडणं तर सोड, त्याला बिळाशी त्रास देणंही गुन्हाच.

मावशी: कायदा चांगला आहे. पण प्रेम लांबून होत नाही, बाळा. हात लावल्याशिवाय जीव जडत नाही.

मी: त्याचंच एक उदाहरण या किनाऱ्यावर आहे. इथून उत्तरेला ग्लेनेल्गजवळ सँडेग नावाची जागा आहे. तिथे गॅव्हिन मॅक्सवेल नावाचा लेखक राहायचा. त्याने इराकच्या दलदलीतून एक पाणमांजर आणलं, मिजबिल. ते या स्कॉटिश जातीचं नव्हतं. मऊ केसांचं पाणमांजर होतं, म्हणजे आपल्या कोकणात आणि गोव्यात कांदळवनांमध्ये जे दिसतं त्याच जातीचं. त्याची ती इराकी उपजात शास्त्राला नवी निघाली आणि तिला मॅक्सवेलचंच नाव मिळालं. मॅक्सवेलने त्याला मुलासारखं वाढवलं. १९६० साली त्यावर ‘रिंग ऑफ ब्राइट वॉटर’ हे पुस्तक लिहिलं, आणि लाखो लोकांना पाणमांजर आवडू लागलं.

मावशी: मग? माझंच म्हणणं खरं झालं ना?

मी: पुढचं ऐक. १९५७ मध्ये रस्त्यावर काम करणाऱ्या एकाने मिजबिलला मारलं. त्याला माणसाची भीती उरली नव्हती. भीती हे जंगली प्राण्याचं चिलखत असतं, आणि प्रेमाने आपण नेमकं तेच काढून घेतो. म्हणून मी लांब बसते. ती भीती त्याच्यापाशी राहायला हवी.

मावशी: पण पुस्तक नसतं तर? ज्यांनी ते वाचलं, त्यांतलेच कुणी पुढे पाणमांजरांसाठी भांडले असतील. मिजबिल एक गेला, मागे किती राहिले?

मी: हे नाकारता येणार नाही. ब्रिटनमध्ये १९५० नंतर कीटकनाशकांनी नद्या विषारी झाल्या आणि बऱ्याच भागांतून पाणमांजर नाहीसं झालं. कुत्रे घेऊन त्याची शिकार करणं तेव्हा कायदेशीर होतं. या पश्चिम किनाऱ्यावर मात्र ती टिकून राहिली. कायद्याचं संरक्षण १९७८ पासून टप्प्याटप्प्याने मिळालं. लोकांच्या मनात जागा नसती तर तेही मिळालं नसतं. तेवढं तुझं.

मावशी: आता माझं दुसरं ऐक. तू या शांततेचं किती कौतुक करतेस! मला ही शांतता बघून धसका बसतो. एवढा लांब किनारा, गोडं पाणी, मासे, आणि घरं मोजकी. आपल्याकडे अशा खाडीकाठी आठ वाड्या असत्या. काल तूच वाचून दाखवलंस ना, ते मोर्व्हर्नमधलं गाव?

मी: इनिमोर. १८२४ मध्ये मालकिणीने कुळांना हुसकून लावलं आणि तिथे मेंढ्या घातल्या. घरांच्या भिंती अजून उभ्या आहेत. अशी गावं इथे पुष्कळ आहेत.

मावशी: म्हणजे माणसं काढली आणि मग त्याला निसर्गरम्य म्हटलं. आणि ते तरंगतं चर्च?

मी: ते तर याच पाण्यावर होतं. १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं. नव्या चर्चला इथल्या जमीनदाराने बांधायला जागाच दिली नाही. लोकांनी वर्गणी काढली, क्लाइड नदीवर लोखंडी चर्च बांधून घेतलं आणि १८४६ मध्ये ते ओढत आणून या लॉखमध्ये नांगरलं. रविवारी सगळे होडीने तिथे प्रार्थनेला जात.

मावशी: बघ! जमीन दिली नाही म्हणून देव पाण्यावर बसवला. इथली माणसं शेवाळ गोळा करून जाळायची, त्याची राख साबणाच्या नि काचेच्या कारखान्यांना विकायची, हेही तूच सांगितलंस. हा किनारा हातांनी वापरलेला होता. ती माणसं गेली, त्यांच्याबरोबर त्यांचं ज्ञान गेलं. आता तू दुर्बीण लावून जे शोधतेस, त्यातलं निम्मं त्यांना चालता-बोलता माहीत असणार.

मी: याला मी उत्तर देणार नाही, कारण ते खरं आहे. इथली शांतता निसर्गाने दिलेली नाही. माणसं हाकलून केलेली आहे, आणि ते विसरून इथे बसणं अर्धवट पाहणं आहे. पण मावशी, म्हणून हातांनी वापरलेलं सगळंच भलं ठरत नाही. समुद्रगरुडाचं घे. पंखांचा विस्तार अडीच मीटरच्या जवळपास जातो. मेंढपाळ, शिकारी, अंडी जमवणारे, सगळ्यांनी मिळून तो ब्रिटनमधून संपवला. शेवटचा पक्षी १९१८ मध्ये शेटलंड बेटांवर गोळी घालून मारला. १९७५ पासून नॉर्वेतून पिल्लं आणून रम बेटावर सोडली, आणि १९८५ मध्ये समोरच्या मल बेटावर पहिलं पिल्लू उडालं. आज मलवर लोक ते पाहायला येतात आणि त्यावर हॉटेलं चालतात.

मावशी: आणि मेंढपाळ?

मी: काहींची कोकरं गरुड नेतात. त्यांची तक्रार खोटी नाही. सरकारी निसर्गसंस्था त्यांना मदत देते, तरी वाद मिटलेला नाही.

मावशी: तेच मला म्हणायचंय. पाहायला येणाऱ्याला गरुड हवा, कोकरू जातं मेंढपाळाचं. आपल्याकडे कोकणात काकणाचं, म्हणजे तिथल्या समुद्रगरुडाचं, घरटं उंच झाडावर असतं. वाडीतली माणसं ते पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. त्यांना विचारून संरक्षण केलं तर ती राखण करतात. वेळासला तेच झालं ना? ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ मध्ये कासवांच्या अंड्यांचं काम सुरू केलं, तेव्हा घरटी ओळखणारे गावातलेच होते. अंडी काढणारा हात पुढे तीच अंडी राखू लागला. नंतर कासव पाहायला बाहेरची माणसं आली, गावाने त्यांना घरात जेवायला घातलं, दोन पैसे गावात राहिले. आधी गाव, मग पाहुणे.

मी: हा क्रम मला मान्य आहे. पण एक गोष्ट अशी आहे, जी गावालाही दिसत नाही आणि मलाही दुर्बिणीतून दिसत नाही. चल, आता खाली उतरू. पाणमांजर पलीकडे गेलंय.

मावशी: हे शेवाळ कसलं? प्रत्येक फांदीवर फुगे आहेत.

मी: याच्या फांदीवर पहिली काही वर्षं सोडली की दरवर्षी एक फुगा येतो. मोज.

मावशी: एक, दोन, तीन... नऊ. म्हणजे ही फांदी दहा वर्षांच्या वरची? माझा पाय पडला असता तर?

मी: तेवढ्या वर्षांची वाढ एका पावलाखाली गेली असती. म्हणून मी वर बसते, आणि उतरले तरी बघून पाय ठेवते. पण मला सांगायचंय ते याच्याही खालचं. या लॉखच्या तळाशी फ्लेम शेल नावाचे शिंपले आहेत. साधारण चार सेंटिमीटरचे, कडेला ज्वाळांसारख्या नारिंगी झालरी. ते धागे सोडून वाळू, खडी, शिंपल्यांचे तुकडे बांधतात आणि घरटी करतात. अशी लाखो घरटी जुळली की तळाचा सतरंजीसारखा थर होतो. त्यात माशांची आणि स्कॅलप नावाच्या शिंपल्यांची पिल्लं वाढतात. उत्तरेच्या लॉख कॅरनमध्ये २०१७ च्या एप्रिलमध्ये स्कॅलप धरणाऱ्या बोटीने लोखंडी दातांची जाळी तळावरून ओढली आणि अशा थराची चाळण केली. ते तेव्हा तिथे बेकायदा नव्हतं.

मावशी: मग कळलं कसं?

मी: तिथल्या पाणबुड्यांनी खाली जाऊन चित्रण केलं. लोकांनी ते पाहिलं, मे महिन्यात सरकारने तातडीने जागा संरक्षित केली आणि २०१९ मध्ये ते संरक्षण कायम झालं. कुणी पाहिलं नसतं, तर वर पाणी तसंच निळं दिसलं असतं आणि आपण दोघी सीलचं कौतुक करत बसलो असतो. म्हणून मी म्हणते, मावशी, पाहणं म्हणजे हौस नाही. पाहिलेलं नोंदवून ठेवणं हा पुरावा आहे. १८८९ पासून इथे किनाऱ्याच्या तीन मैलांत ट्रॉलरला बंदी होती, ती १९८४ मध्ये उठवली. तेव्हा तळाचं काय होईल ते किती जणांनी बघितलं होतं?

मावशी: हे मला रत्नागिरीचंच वाटतंय गं. पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार. एकजण सगळा थवा एकदम उचलतो, दुसरा रापण ओढून रिकाम्या हाताने परततो. २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आले, तरी भांडण चालूच आहे. पण तिथे ओरड पारंपरिक मच्छीमारानेच केली ना? मासा कमी होतोय हे त्याच्या हाताला आधी कळलं. पाहणारा नंतर आला.

मी: इथेही पिंजऱ्याने खेकडे नि कोळंबी धरणारे मच्छीमार तळ खरवडण्याच्या विरोधात बोलतात. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे.

मावशी: मग हात आणि डोळे वेगळे कसे?

मी: वेगळे नाहीत, हे मला एका माशाने शिकवलं. फ्लॅपर स्केट. आपल्या पाकटाचा नातलग, जगातला सर्वात मोठा स्केट, लांबी दोन मीटरच्याही पुढे. एकेकाळी इतका होता की त्याला ‘कॉमन स्केट’च म्हणत. जाळ्यांनी तो जवळपास संपवला. त्याचं अंडं उबायला सुमारे दीड वर्ष लागतं, आणि मासा वयात यायला दहाहून जास्त वर्षं. असा प्राणी एकदा कमी झाला की लवकर भरून येत नाही. ओबनजवळ गळ टाकणारे लोक त्याला पकडतात, पाठीवरच्या ठिपक्यांचा फोटो काढतात आणि सोडून देतात. ठिपके प्रत्येकाचे निराळे. ते फोटो ‘स्केटस्पॉटर’ या नोंदवहीत जमा होतात. त्यातून कळलं की तोच मासा वर्षानुवर्षं त्याच भागात राहतो. म्हणजे तो भाग जपला तर मासा जपला जातो. २०१४ मध्ये लॉख सुनार्टपासून साउंड ऑफ जुरापर्यंतचं पाणी त्याच्यासाठी संरक्षित केलं.

मावशी: गळ टाकणारा हात, फोटो घेणारा डोळा. एकच माणूस.

मी: हो. आणि तो मासा हातात धरल्याने त्याला त्रास होतो, हेही खरं. पण तो हात त्याला परत सोडतो.

मावशी: मग माझं शेवटचं म्हणणं ऐक. मुलांना तू दुर्बीणच देऊ नकोस. त्यांना ओहोटीत उतरू दे, दगड उलटू दे, खेकडा बोटाला चावू दे. ज्याने आयुष्यात एकदाही चिखलात पाय घातला नाही, तो लॉख कॅरनची बातमी वाचून पान उलटेल.

मी: चालेल, पण उलटलेला दगड होता तसा परत ठेवायला शिकव. दगडाखालच्या जिवांना सावली आणि ओल लागते. तो उन्हात उघडा राहिला की सगळे मरतात. एवढं शिकलेल्या मुलाला मी कुठल्याही किनाऱ्यावर एकटं सोडेन.

मावशी: ते आमच्या आईलाही माहीत होतं. लहान मुळे परत टाकायची, नाहीतर पुढच्या वर्षी टोपली रिकामी. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवायच्या. आज सरकार १ जून ते ३१ जुलै बंदी घालतं, पण त्याआधीही माणसं थांबत होती. घेण्यातच ठेवणं होतं.

आमचा वाद इथे थांबला, मिटला नाही. मावशीला अजून वाटतं की दुर्बिणीमागचा माणूस किनाऱ्याचा पाहुणाच असतो. मला अजून वाटतं की काही जिवांसाठी लांब राहणं हीच जवळीक आहे. पण तिच्याशी बोलताना माझी एक समजूत ढळली. मी समजत होते की वहीत वेळ, वारा, भरती आणि प्राणी लिहिला की माझं काम झालं. तसं नाही. लॉख कॅरनचा तळ वाचला तो पाणबुड्यांनी पाहिलेलं लोकांपुढे आणि सरकारपुढे ठेवलं म्हणून. वेळासची कासवं वाचली ती गावाने संरक्षण आपलं मानलं म्हणून. जी नोंद वहीतच राहते ती किनाऱ्याच्या उपयोगाची नाही.

म्हणून जिथे कुठे अशी शांत खाडी किंवा लॉख पाहायला जाल, तिथे दोन गोष्टी करा. सीलची मान वर होणार नाही इतक्या लांब बसा, आणि जे पाहाल ते तारीख-वेळेसह तिथल्या निसर्गसंस्थेला कळवा. मग काठावरच्या मच्छीमाराला भेटा आणि त्याला काय दिसतं ते विचारा, कारण तो तिथे बारा महिने असतो आणि आपण नसतो. किनाऱ्यावर काय चालावं याचा निर्णय जिथे होतो, तिथे पाहणाऱ्याची वही आणि मच्छीमाराचा अनुभव दोन्ही एकाच टेबलावर असायला हवेत. त्यातलं एक जरी बाहेर राहिलं, तरी तो निर्णय किनाऱ्याच्या हिताचा होणार नाही, यावर मावशीचं आणि माझं एकमत आहे.